धुपाटणे ते उदबत्तीचे घर : महाराष्ट्रातील धूपपात्रांची रचना, कार्य व परिभाषा

गोषवारा : धूप हा भारतीय पूजाविधीतील एक प्रमुख उपचार असला, तरी तो ज्या पात्रातून दिला जातो त्या पात्राचा विचार आपल्याकडे क्वचितच झाला आहे. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील, विशेषतः कोकणपट्टीतील घरगुती व देवालयीन धूपपात्रे, त्यांची सोबतची साधने, त्यांमागील उष्णतेचे तंत्र आणि त्यांच्याशी निगडित शब्दसंपत्ती यांचा परिचय करून दिला आहे. तुलनेसाठी चिनी धूपपात्रांची परंपरा विचारात घेतली आहे. इंधन बदलले की पात्र बदलते आणि पात्र गेले की भाषेचा एक कोपरा अंधारतो, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : धुपाटणे, धुपारती, ऊददाणी, उदबत्ती, निखारा, भौतिक संस्कृती, म्हणी.

१. प्रस्तावना

षोडशोपचार पूजेत गंध व पुष्प यांच्यानंतर आणि दीप व नैवेद्य यांच्या आधी धूप येतो. पूजा संक्षेपाने पाच उपचारांत आटोपली, तरीही गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य या पाचांत धुपाचे स्थान अबाधित राहते. पंढरपूर येथील श्रीविठ्ठलाच्या नित्योपचारांत काकडा आणि शेजारती यांच्याबरोबर धुपारती आहे. शिर्डीतही सायंकाळच्या आरतीस धुपारती हेच नाव आहे. उपचाराला एवढे महत्त्व असताना त्याच्या उपकरणाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले. दिवे, समया, अडकित्ते, पानदाने यांचे संग्रह झाले, त्यांच्यावर लिहिलेही गेले. काळवंडलेल्या, राखेने माखलेल्या धुपाटण्याच्या वाट्याला ते भाग्य फारसे आले नाही.

या उपेक्षेचे परिणाम आता वर्गातही जाणवतात. पदवी वर्गाला मराठी म्हणी शिकविताना 'तेलही गेले, तूपही गेले, हाती आले धुपाटणे' ही म्हण विद्यार्थ्यांना पाठ असते, तिचा अर्थही परीक्षेपुरता ठाऊक असतो. परंतु धुपाटणे म्हणजे नेमके काय, या प्रश्नाला बहुधा मौन हेच उत्तर मिळते. वस्तू दृष्टिआड झाली की शब्द केवळ ध्वनी म्हणून उरतो. म्हणून या वस्तूची ओळख करून घेणे हा केवळ पुराणवस्तूंच्या हौसेचा विषय नसून तो भाषाध्यापनाचाही विषय आहे.

२. धूपद्रव्ये : थोडी पार्श्वभूमी

पात्राची रचना समजण्यासाठी त्यात काय जळते हे आधी पाहिले पाहिजे. आपल्याकडील पारंपरिक धूपद्रव्ये प्रामुख्याने झाडांचे रस म्हणजे डिंक व राळ या स्वरूपाची आहेत. कच्छ, राजस्थान अशा कोरड्या प्रदेशातील काटेरी झुडपापासून गुग्गुळ मिळतो. सातपुडा व विदर्भाच्या जंगलांत सालईचा सुगंधी डिंक मिळतो. शाल वृक्षापासून राळ मिळते. लोबान हा शब्द मूळ अरबी. अरबस्तानातील धुपासाठी असलेले ते नाव पुढे सुमात्राकडून येणाऱ्या निराळ्या राळेलाही लागले. 'ऊद' या शब्दाचा प्रवासही असाच आहे. अरबी भाषेत त्याचा अर्थ लाकूड, विशेषतः अगरूचे सुगंधी लाकूड. मराठीत मात्र तो निखाऱ्यावर टाकावयाच्या सुगंधी राळेसाठी रूढ झाला. उदबत्ती व अगरबत्ती हे आपले दोन्ही शब्द, एक अरबी वाटेने व एक संस्कृत वाटेने, एकाच अगरूची आठवण ठेवून आहेत.

या द्रव्यांचा व्यापार समुद्रमार्गे चाले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरातून गुग्गुळ बाहेर जात असल्याची आणि सिंधूच्या मुखाशी असलेल्या बंदरात अरबी धूप उतरत असल्याची नोंद आहे. त्याच ग्रंथात कल्याण आणि चौल या, पनवेलपासून फार दूर नसलेल्या, बंदरांचीही नावे येतात.

द्रव्यांविषयी शास्त्रीय लेखनही झाले. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त गंधयुक्तीचा स्वतंत्र अध्याय आहे. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लासा'त राजाच्या उपभोगांमध्ये धूपभोगाचा समावेश आहे. विजापूरच्या इब्राहिम आदिलशहा दुसरा (कारकीर्द १५८० ते १६२७) याच्या काळात सुगंधशास्त्रावर 'इत्र-ए-नवरसशाही' हा फार्सी ग्रंथ रचला गेला. मराठी अभ्यासकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची गोष्ट अशी, की पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनी गंगाधरकृत 'गंधसार' आणि अज्ञात कर्त्याचा 'गंधवाद' हे दोन संस्कृत ग्रंथ अभ्यासकांच्या नजरेस आणले आणि त्यांपैकी 'गंधवादा'वर मराठी टीका आहे. सुगंधनिर्मितीसारखा कारागिरीचा विषय जुन्या मराठीत समजावून सांगितला जात होता, याचा हा बोलका पुरावा होय. 'गंधसारा'त सांगितलेल्या भावन, पाचन, बोध, वेध, धूपन व वासन या सहा संस्कारांत धूपनाचा समावेश आहे. म्हणजे धूर देणे ही केवळ पूजेतील कृती नव्हती. ती सुगंधनिर्मितीतील एक प्रक्रियाही होती.

३. निखारा, राख आणि पात्र : कार्यपद्धती

राळेचा खडा ज्योतीवर धरला तर तो पेट घेतो, काजळी धरतो आणि सुगंधाऐवजी उग्र दर्प सुटतो. त्यातील सुवासिक तेले मंद उष्णतेवर बाहेर पडतात. म्हणून धुपाला ज्योत नको, निखारा हवा, आणि निखाराही फार प्रखर नको. धूपपात्राची सारी रचना या एका गरजेभोवती उभी आहे.

पात्रात प्रथम चाळलेल्या राखेचा थर देतात. राख उष्णतेची मंदवाहक असल्यामुळे पात्राचा तळ तापत नाही आणि हाताला चटका बसत नाही. शिवाय निखारा राखेत अर्धवट बसल्यामुळे त्याला वारा बेताचा मिळतो व तो सावकाश जळतो. वरची राख फुंकून बाजूला केली की निखारा पुन्हा लाल होतो. झाकण असलेल्या पात्रास छिद्रे ठेवतात, ती धूर बाहेर पडण्यासाठी आणि हवा आत येण्यासाठी. निखारे गोवरीचे किंवा लाकडाचे असत. कोकणात नारळाच्या करवंटीचे निखारे या कामी उत्तम समजले जात, कारण ते घट्ट असतात आणि बराच वेळ टिकतात.

या पात्रासोबत काही साधने ओघानेच येतात. चुलीतून निखारा उचलण्यासाठी चिमटा, तो फुलविण्यासाठी फुंकणी किंवा विंझणा, धुपाची पूड टाकण्यासाठी लहान पळी, आणि धूप ठेवण्यासाठी झाकणाची डबी. ही साधने धुपासाठी मुद्दाम घडविलेली असतीलच असे नाही. बरीचशी स्वयंपाकघरातीलच असत. देवघर आणि चूल यांचे नाते येथे स्पष्ट दिसते.

४. पात्रांचे प्रमुख प्रकार

४.१ धुपाटणे. मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत हा शब्द आहे. पितळ, तांबे किंवा भाजलेली माती यांपासून बनविलेले हे पात्र साधारणतः डमरूच्या आकाराचे असते. वर निखाऱ्यांची वाटी, मध्ये हातात धरण्याजोगी निमुळती कंबर आणि खाली पसरट, आतून पोकळ बैठक. बैठक पोकळ ठेवण्याची कारणे व्यावहारिक आहेत : धातू कमी लागतो, वजन हलके होते, आणि वाटीची उष्णता जमिनीपर्यंत वा हातापर्यंत पोहोचत नाही.

या रचनेमुळेच उपरोक्त म्हणीचा अर्थ उलगडतो. म्हणीमागील लोककथा थोडक्यात अशी : एका भोळ्या माणसाला तेल व तूप आणण्यास पाठविले आणि त्याने भांडे म्हणून धुपाटणे नेले. वरच्या वाटीत त्याने तेल घेतले. तूप घेण्यासाठी दुसरे भांडे नव्हते, म्हणून धुपाटणे उलटे करून पोकळ बैठकीत तूप घेतले; तेल सांडले. घरी आल्यावर तेल कोठे आहे असे विचारताच ते दाखविण्यासाठी त्याने धुपाटणे पुन्हा सुलटे केले, तूपही सांडले. उरले ते रिकामे धुपाटणे. पात्राची बैठक वाटीसारखीच पोकळ असते हे ठाऊक नसेल, तर या कथेतील विनोदही कळत नाही आणि दोन लाभ एकमेकांमुळेच कसे गेले हा म्हणीचा खरा गाभाही हाती लागत नाही. विद्यार्थी मग 'सर्व काही गमावले' एवढाच ढोबळ अर्थ लिहितो. वस्तूचे एक रेखाचित्र फळ्यावर काढले, तर जे काम अर्धा तास विवरणाने होत नाही ते क्षणात होते.

४.२ धुपारतीचे पात्र. वाटीला आडवी लांब मूठ जोडली की ते पात्र ओवाळण्यास सोयीचे होते. देवालयांत हे पात्र विशेषकरून दिसते. काही नमुन्यांत मुठीस नागफणीचा आकार देतात. पंचारतीशी याचा घोटाळा होऊ नये : पंचारतीत तुपाच्या वाती तेवतात, धुपारतीत निखाऱ्यावर धूप जळतो. धुपारती हा शब्द पात्राचाही वाचक आहे आणि विधीचाही.

४.३ ऊददाणी, लोबानदाणी, धूपदाणी. या नामांतील 'दाणी' हा घटक फार्सीतून आलेला असून अत्तरदाणी, गुलाबदाणी, पिकदाणी हे शब्द त्याच घडणीचे आहेत. भाषेप्रमाणे आकारावरही दख्खनच्या सुलतानी दरबारांचा ठसा आहे. पशुपक्ष्यांच्या आकाराची, अंगावर जाळी कोरलेली दख्खनी धूपपात्रे आज परदेशी संग्रहांतून जपली जातात. दर्ग्यांत लोबानाचे स्थान अढळ आहे. गुरुवारी सायंकाळी हातात लोबानदाणी घेऊन, मोरपिसांच्या कुंच्याने धूर देत दुकानोदुकानी फिरणारा फकीर महाराष्ट्रातील अनेक बाजारपेठांना परिचित आहे, आणि त्याच्यापुढे श्रद्धेने उभा राहणारा दुकानदार पुष्कळदा हिंदू असतो.

४.४ पारशी व ख्रिस्ती पात्रे. पारशी घरांत अफर्गानियू नावाच्या धातुपात्रात विस्तवावर चंदन व लोबान घालतात. त्यासोबत 'चीपियो' हा चिमटा आणि 'चमच' ही पळी अशी ठरावीक साधने असतात. रोमन कॅथलिक उपासनेत साखळ्यांना टांगलेले, झाकणाचे धूपपात्र झुलवितात; झुलविण्यामुळे निखाऱ्याला वारा मिळतो आणि धूर पसरतो. जे काम फुंकणी करते तेच येथे झोका करतो. वसई, चौल आणि गोवा या पोर्तुगीज अमलाखालील प्रदेशांतून हे पात्र आपल्या किनाऱ्यावर रुळले.

४.५ खापर आणि शेगडी. सर्वांत साधे धूपपात्र म्हणजे मातीचे खापर किंवा परळ. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीतील निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, वेखंड इत्यादी घालून धुरी देण्याची रीत घरोघर होती. आयुर्वेदातही 'काश्यपसंहिते'त धूपकल्प हे प्रकरण बालकांच्या संदर्भात आले आहे. पनवेल येथे वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ मध्ये 'धूतपापेश्वर' हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना स्थापन केला. गुग्गुळासारखे द्रव्य देवघरात धूप असते आणि औषधशाळेत गुग्गुळकल्पाचा आधार असते, हे पनवेलकरांस निराळे सांगावयास नको. तिन्हीसांजेला कडुनिंबाच्या पाल्याची धुरी, गावदेवीच्या थळावर अंगात येताना घातला जाणारा ऊद, या साऱ्यांना खापर पुरते.

५. चिनी परंपरेशी तुलना

धूपपात्रांचा विचार चीनच्या उल्लेखावाचून पुरा होत नाही. तेथे या वस्तूला कलावस्तूचा मान फार लवकर मिळाला. हान राजवटीतील 'बोशानलू' या पात्राचे झाकण पर्वतासारखे घडविलेले असून धूर पर्वतातील धुक्याप्रमाणे शिखरांमधून निघतो. हपै प्रांतातील मानचंग येथे इ.स.पू. ११३ मध्ये मरण पावलेल्या ल्यू शंग या राजपुत्राची कबर १९६८ मध्ये उत्खनित झाली; तीत सोन्याने जडविलेले असे पात्र मिळाले. तांग काळातील चांदीचे जाळीदार गोलक त्याहूनही नवलाचे आहेत. त्यांच्या आत एकात एक फिरणाऱ्या कड्या असल्यामुळे गोलक कसाही गडगडला तरी निखाऱ्याची वाटी आडवीच राहते. असे नमुने १९७० मध्ये शीआन येथील एका ठेव्यात आणि १९८७ मध्ये फामन मंदिराच्या भुयारात सापडले. मिंग सम्राट श्युआनद (कारकीर्द १४२६ ते १४३५) याच्या नावाने ओळखली जाणारी कांस्य पात्रे पुढे शतकानुशतके नमुना म्हणून घडविली गेली.

साधनांच्या बाबतीत चिनी परंपरा अधिक काटेकोर आहे. धूपपात्र, धुपाची डबी आणि साधने ठेवण्याचा उभा कलश असा त्रिकूट संच तेथे मान्य झाला. त्या कलशात निखारा उचलण्याच्या धातूच्या काड्या, पळी, राख दाबून गुळगुळीत करण्याचे चपटे साधन आणि पात्राच्या कडा झाडण्यासाठी पिसाचा कुंचा असतो. सुगंधी लाकूड निखाऱ्यावर थेट न ठेवता, राखेत पुरलेल्या निखाऱ्यावर अभ्रकाची पातळ चकती ठेवून तिच्यावर ते तापविण्याची पद्धतही तेथे आहे. शिवाय साच्याने धुपाच्या पुडीची नागमोडी रेघ उमटवून, ती किती जळली यावरून वेळ मोजली जाई.

या दोन परंपरांतील मूलभूत तंत्र एकच आहे : राख, निखारा आणि मंद उष्णता. भेद आहे तो उपयोगात. चिनी पात्र बहुधा एका जागी, वेदीवर वा विद्वानाच्या मेजावर स्थिर असते. बौद्ध विधींत मुठीचे पात्र तेथेही वापरले जाई, परंतु मुख्य रूप स्थिर पात्राचेच राहिले. आपले घरगुती धूपपात्र मात्र फिरते आहे. देवापुढे ओवाळून ते माजघर, ओटी, गोठा असे सर्वत्र नेले जाते. कंबर आणि मूठ ही त्याची ओळख आहे, ती यामुळेच. चिनी रसिकाने धुपाजवळ बसण्याची कला विकसित केली, तर मराठी गृहिणीने धूर घरभर पोहोचविण्याची.

६. स्थित्यंतर : निखारा गेला, पात्र गेले

धुपाटणे मागे पडण्याचे कारण श्रद्धेचा ऱ्हास हे नव्हे. धूपद्रव्यांची विक्री पाहता तसे म्हणता येणार नाही. खरे कारण स्वयंपाकघरात शोधावे लागते. आधी घासलेटचा स्टोव्ह, मग गॅसची शेगडी आली. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅस ग्रामीण भागातही पोहोचविला. स्त्रियांच्या डोळ्यांना व फुप्फुसांना धुरापासून मिळालेली सुटका निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु चूल विझली तेव्हा घरातील निखारा संपला, आणि निखाऱ्यावर अवलंबून असलेले पात्र निरुपयोगी झाले.

ती जागा उदबत्तीने आधीच घेऊ लागली होती. तिचे तांत्रिक वैशिष्ट्य असे, की ती आपला निखारा स्वतःबरोबर घेऊन येते. बांबूच्या काडीवर कोळशाची पूड, लाकडाचा भुसा आणि 'जिगट' हे चिकट द्रव्य यांचा लेप असतो. तोच इंधन, तोच आधार. त्यामुळे पात्राचे काम उष्णता आवरण्याचे न राहता केवळ काडी उभी धरण्याचे व राख झेलण्याचे उरते. म्हणून उदबत्तीचे घर लहान, थंड आणि शोभिवंत असू शकते : छिद्रांचे कमळ, हत्ती, मोर. धूपकांडी, धूपकप आणि विजेची धूपदाणी हे याच दिशेचे पुढचे टप्पे होत. या साखळीत चीनशी आपला आधुनिक संबंधही येतो. भारतातील उदबत्तीउद्योग मोठ्या प्रमाणावर चीन व व्हिएतनाममधून येणाऱ्या काड्यांवर विसंबला होता. ऑगस्ट २०१९ मध्ये उदबत्तीच्या आयातीवर निर्बंध आले आणि जून २०२० मध्ये बांबूच्या काडीवरील आयात शुल्क दहा टक्क्यांवरून पंचवीस टक्के करण्यात आले.

दोन सावधगिरीच्या गोष्टी येथे नमूद करणे आवश्यक आहे. पहिली, कोणत्याही धुपाच्या धुरात सूक्ष्म कण व कार्बन मोनॉक्साइड असतात. जुन्या घरांना कौलांतून वाट होती. आजच्या बंद सदनिकेत खिडकी उघडी ठेवूनच धूप जाळावा. दुसरी, गुग्गुळाचे झुडूप अतिरेकी उपसा झाल्यामुळे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत अतिसंकटग्रस्त ठरले आहे. परंपरेचे जतन वनस्पतीच्या जिवावर होऊ नये.

७. पनवेल परिसर आणि महाविद्यालयांचे कर्तव्य

जुनी धातूची पात्रे मोडीत जातात ती बहुधा घर बदलताना. पनवेल तालुक्यात घरे बदलण्याचा वेग गेल्या काही दशकांत विलक्षण आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली; नवी मुंबई विमानतळाचे ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झाले आणि त्यासाठी परिसरातील दहा गावांना आपले जुने ठिकाण सोडावे लागले. चुलीचे घर सोडून सदनिकेत जाताना समई सोबत येते, कारण ती लावता येते. धुपाटणे तराजूत जाते, कारण त्यात घालावयास निखारा नसतो. वजनावर विकलेल्या पितळेबरोबर त्याचा आकार, त्यावरील कारागिराची खूण आणि घरातील वृद्धेच्या तोंडचे त्याचे नाव हे सर्व वितळते.

ही हानी रोखण्यास मोठा निधी लागत नाही. मराठी विभागाने आगरी, कोळी, कराडी अशा स्थानिक बोलींतील धूपपात्रांची व साधनांची नावे नोंदवावीत. इतिहास विभागाने प्रत्येक पात्राचे छायाचित्र, उंची, वजन, धातू, उपयोग आणि कुटुंबातील स्मृती यांची नोंदपत्रके तयार करावीत. रसायनशास्त्र विभागास धूपद्रव्यांची शुद्धता व धूर हे प्रकल्पाचे विषय होऊ शकतात, वनस्पतिशास्त्रास सालई व गुग्गुळ. वस्तू मालकाच्या घरीच राहावी, नोंद मात्र महाविद्यालयात असावी, एवढे पथ्य पाळले तर कोणाचाही विरोध होण्याचे कारण नाही. विद्यार्थ्यांना आपल्याच आजीकडून माहिती घ्यावयाची असल्याने प्रश्नावलीपेक्षा संवाद अधिक फलदायी ठरेल.

८. निष्कर्ष

१) महाराष्ट्रातील धूपपात्रांची रचना निखारा व राख यांच्या गुणधर्मांवर आधारलेली असून ती शोभेपेक्षा उपयोगातून घडली आहे.

२) घरभर फिरविण्याच्या गरजेमुळे कंबर व मूठ ही येथील पात्राची वैशिष्ट्ये ठरली, चिनी पात्र मुख्यतः स्थिर राहिल्याने तेथे झाकणाची कला व साधनांचा संच विकसित झाला.

३) हिंदू, मुस्लिम, पारशी व ख्रिस्ती परंपरांतील पात्रे आकाराने भिन्न असली तरी तंत्राने एक आहेत आणि त्यांची मराठीतील परिभाषा संस्कृत, अरबी व फार्सी अशा स्रोतांतून घडली आहे.

४) धुपाटण्याचा लोप हा इंधनबदलाचा परिणाम आहे. ते पुन्हा रोजच्या वापरात येईल अशी अपेक्षा करणे व्यवहार्य नाही. परंतु त्याची नोंद करणे सर्वस्वी शक्य आहे.

तेल आणि तूप सांडले तो दोष म्हणीतील भोळ्या माणसाचा होता. त्याच्या हाती निदान धुपाटणे तरी उरले होते. पुढील पिढीच्या हाती तेही राहणार की केवळ त्याचे नाव, हे पुष्कळ अंशी आज महाविद्यालयांतून होणाऱ्या नोंदींवर अवलंबून आहे.